बंद कॉम्प्युटरात अडकलेलं गाव

सोमवार, २ सप्टेंबर २०१९

आज जाहिरात छापून आली. एका बाजूला निधनवार्ता, दुसऱ्या बाजूला जुने ट्रॅक्टर विकणे आहे. मधोमध आम्ही. जागा अगदी योग्य मिळाली.

‘येत्या वीस तारखेला आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होत आहेत. कृपया कोणीही दखल घेऊ नये. त्या दिवशी आम्ही परगावी असू. एलिनोर व एवाल्ड.’

एलिनोरने वाचली. चष्मा काढला, पुसला, परत वाचली.

“माझं नाव आधी घातलंस,” ती म्हणाली.

“तशी रीत आहे.”

“छापायच्या आधी विचारायचीही रीत असते.”

मग बटाटे सोलायला बसली. साली इतक्या जाड काढल्या की आमच्याकडे डुकरं असती तर त्यांची चंगळ झाली असती. एकंदरीत तिला जाहिरात आवडली असावी.

बुधवार, ४ सप्टेंबर

एलिनोर परवापासून माझ्याशी फार सभ्यपणे बोलतेय. “मीठ देतोस का, प्लीज” वगैरे. काळजी वाटायला लागली आहे.

इथे तरी खरं लिहितो. लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी, चौऱ्याण्णव साली, आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. दाराभोवती रीतीप्रमाणे गावाने बांधलेली देवदाराच्या फांद्यांची कमान, सकाळी सातला खिडकीखाली ट्रम्पेट, आणि अख्खं गाव आम्हाला गाऊन उठवतंय. थोरवाल्ड गिरणीवाला सवयीप्रमाणे सगळ्यांच्या अर्धी ओळ पुढे. जणू घरी दूध उतू जातंय.

आता गिरणी नाही, थोरवाल्डही नाही. शाळा गेली, दुकान गेलं. माझी डेअरी गेली, जिथे मी जन्मभर यंत्रं दुरुस्त केली. डेअरी गेल्यावर हात रिकामे बसेनात, म्हणून एक भंगारातला कॉम्प्युटर उघडून त्याच्यावरच शिकलो. तेव्हापासून गावात कुणाचं काही बंद पडलं की तो माझ्याकडे येतो. पण यायला माणसं उरलीत कुठे? दाराला एवढी थोरली कमान बांधायची, आणि तिच्यासमोर उभी कोण, तर चार म्हातारी आणि एक कुत्रं. तेही वासाने आलेलं. एलिनोर नटूनथटून दार उघडणार. त्या क्षणी तिच्या तोंडाकडे बघणार कोण? मलाच बघावं लागणार.

त्यापेक्षा फ्लेन्सबुर्गचं हॉटेल परवडलं. सीमेपलीकडे जर्मनीत बिअरही आमच्या डेन्मार्कपेक्षा स्वस्त आहे.

वसंतात ती एकदा म्हणाली होती खरी, “कमानीखालून आणखी एकदा बाहेर यायला मला आवडेल.” पण वसंतात माणूस काहीही बोलतो.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

आज प्रेबेन मास्तर आला. निवृत्त शिक्षक, आणि गावच्या सभागृहाच्या मंडळाचा अध्यक्ष. अजूनही वाक्य संपलं की थांबून बघतो, मुलांनी उतरवून घेतलं का. सभागृहाची देखभाल माझ्याकडे आहे, म्हणजे मंडळ ठराव करतं आणि मी शिडीवर चढतो.

“एवाल्ड, समजा,” तो म्हणाला, “म्हणजे केवळ तात्त्विकदृष्ट्या हं. एखाद्या कॉम्प्युटरमध्ये डिस्क अडकली आहे, आणि कॉम्प्युटरला वीज नाही. तर काय करावं?”

“वीज द्यावी.”

“वीज घेतच नाहीये, समजा.”

“मग माझ्याकडे आणावा.”

“तो तुझ्याकडे आणता येत नाही, समजा.”

“का बरं?”

प्रेबेनने खूप विचार केला. “तात्त्विक आहे म्हणून.”

सभागृहातला कॉम्प्युटर ऑगस्टमध्ये वीज पडून जळला. मी त्याच दिवशी म्हटलं होतं, दुरुस्त करून देतो. मंडळाने दोन किटल्या कॉफी संपवून ठराव केला की हा विषय पुढच्या वार्षिक सभेत घ्यावा. म्हणजे मार्चमध्ये. तोवर त्याला हात लावायचा नाही, ती संस्थेची मालमत्ता आहे.

जाता जाता दारात थांबून म्हणतो, “बरं, तुमच्या पंचविसाव्या वर्षाची ती डिस्क. तिची दुसरी प्रत आहे का रे तुझ्याकडे?”

“नाही. टेपवरून मीच ती उतरवली, आणि टेप पुढे तळघरातल्या पाण्यात गेली. एकच आहे, ती तुमच्याकडेच. जुन्या आठवणींच्या कार्यक्रमाला नेलीत ना? माझी पाठ धरली होती तेव्हा. असेल तिथे कपाटात. का?”

“काही नाही. सहज.”

प्रेबेन मास्तर आयुष्यात सहज काही बोललेला नाही. तो ‘सुप्रभात’सुद्धा आधी कच्चं लिहून काढत असेल. मला वाटतं, हा सगळा बनाव माझ्याकडून सभागृहाच्या किल्ल्या काढून घेण्याचा आहे. एवाल्डवाचून काम अडतं का, याची चाचपणी चालू आहे.

सोमवार, ९ सप्टेंबर

शेजारची युट्टे सफरचंदाचा केक घेऊन आली. केक बघूनच मी सावध झालो. युट्टेचा केक फुकट नसतो.

“अरे एवाल्ड, माझ्या बहिणीच्या कॉम्प्युटरात डिस्क अडकलीय. आणि तो मेलाय.”

“तुला बहीण नाही, युट्टे.”

“मैत्रीण म्हणजे बहिणीसारखीच की.”

“मग तिला म्हणावं, घेऊन ये इकडे.”

“ती तिकडे दूर बोर्नहोम बेटावर असते.”

“बोर्नहोमला माणसं राहत नाहीत का?”

“तू सांगणार आहेस की केक परत नेऊ?”

मी एव्हाना दुसरा तुकडा उचलला होता. पण किल्ल्यांची आठवण झाली आणि मनात म्हटलं, थांबा, तुम्हाला शिकवतो. “सोपं आहे,” मी म्हणालो. “कॉम्प्युटर उलटा धरायचा आणि हलवायचा. चांगला जोरात.”

तिने शब्दन् शब्द मनात घोकला आणि गेली. ताटलीसुद्धा न घेता.

दुपारी आलबोर्गहून आमच्या लोनेचा फोन. वीस तारखेला आम्ही नक्की किती वाजता निघणार, कुठल्या रस्त्याने जाणार, हे तिला जाणून घ्यायचं होतं. एकोणीसलाच दुपारी निघतोय म्हटल्यावर म्हणाली, “अरे देवा.” मुलीला आईबापांच्या प्रवासाची इतकी काळजी! बरं वाटलं.

गुरुवार, १२ सप्टेंबर

सभागृहावरून सायकलने जात होतो. सहज खिडकीतून पाहिलं. प्रेबेन मास्तर आणि मिरेक – गोठ्यावर कामाला असलेला पोलिश गडी, चांगला दणकट – दोघांनी मिळून तो जळका कॉम्प्युटर उलटा धरला होता. युट्टे त्याच्या बुडावर थोपटत होती, दूध प्यायल्यावर बाळाला थोपटतात तशी.

म्हणजे बोर्नहोमची बहीण आमच्या सभागृहात राहायला आली होती!

मी तसाच पुढे गेलो. घरी येऊन एलिनोरला सांगितलं, “मला काढून टाकणार आहेत. माझी जागा घ्यायला तिघंजण तयार होतायत. आणि तिघं मिळूनही जमत नाहीये.”

एलिनोर हसली. हसता हसता तिला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. माझ्या अपमानाचं तिला एवढं वाईट वाटेल असं मला वाटलं नव्हतं.

“किल्ल्यांचं जाऊ दे,” ती म्हणाली. “पण तू त्यांना नीट का नाही सांगत?”

“नीट विचारलं तर नीट सांगेन.”

“आणि त्यांना नीट विचारता येत नसलं तर?”

“मग त्यांनी मार्चपर्यंत थांबावं.”

एलिनोर उठून गेली. स्वयंपाकघरात बराच वेळ भांड्यांचा आवाज येत होता, आणि धुवायला तर काहीच नव्हतं.

शनिवार, १४ सप्टेंबर

आज जे पाहिलं ते आधी लिहून टाकतो, नाहीतर रक्तदाब उतरणार नाही.

सभागृहाचं हीटिंग तपासायला गेलो. टेबलावर तो कॉम्प्युटर. आणि डिस्कच्या खणाच्या खालच्या बारीक छिद्रातून आमचा राष्ट्रध्वज फडकत होता. वाढदिवसाच्या केकवर खोचतो ना, दातकोरणीला चिकटवलेला कागदी झेंडा, तोच. दुसरा झेंडा हेडफोन लावायच्या भोकात. तिसरा मोडून खाली पडलेला.

या देशात कुठलंही छिद्र दिसलं की आम्ही त्यात झेंडा रोवतो. मांजराच्या वाढदिवसाला रोवतो, बटाट्याच्या पहिल्या पिकाला रोवतो. पण मेलेल्या कॉम्प्युटरला रोवलेला मी पहिल्यांदा पाहिला. आधी वाटलं, माझी टिंगल चाललीय. ‘हा बघ तुझा कॉम्प्युटर, याच्या अंत्यविधीला ये.’ मग जवळून पाहिलं. दातकोरणीचं टोक छिद्रात मोडून बसलं होतं. टिंगल नव्हे, प्रयत्न होता. एवढं बारीक छिद्र बघून तिघांपैकी कुणालातरी सुचलं असावं की यात काहीतरी घालायचं असतं. आणि त्यांच्या हाताशी काय होतं, तर झेंडे. मंडळाच्या कपाटात झेंड्यांचे डबेच्या डबे आहेत. यू-पिन मात्र मागवायला लागली असती, म्हणजे ठराव आला.

राग कितीही असो, यंत्राच्या तोंडात काडी अडकलेली मला बघवत नाही. खिशातला चिमटा काढला, भिंग लावलं, हळूहळू ती काडी सोडवून घेतली. छिद्र मोकळं झालं. आता एक सरळ तार घातली की खण बाहेर येईल, असा विचार करून मी तार शोधतोय, तोच युट्टे धापा टाकत आत.

“एवाल्ड! घरी जा! एलिनोर!”

“काय झालं?”

“ती... ती तुझी वाट बघतेय!”

“का?”

“बायको नवऱ्याची वाट बघते, त्याला का काय विचारतोस, गाढवा!”

धावत घरी गेलो. एलिनोर शब्दकोडं सोडवत होती. म्हणाली, “आलास? काही विशेष?” वय झाल्यावर शेजारणींच्या डोक्यावर परिणाम होतो, त्यातलं हे.

सोमवार, १६ सप्टेंबर

आज एक गोष्ट घडली. ती मी जरा सावकाश लिहिणार आहे.

जेवणानंतर एलिनोर माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. या खोलीला ती ‘भंगारखाना’ म्हणते आणि फक्त कॉफीचे कप गोळा करायला येते. “एवाल्ड,” ती म्हणाली, “वीज नसलेल्या कॉम्प्युटरातून डिस्क कशी काढतात, मला शिकवशील?”

आमच्या लग्नानंतर तिने मला यंत्रातलं काही विचारण्याची ही पहिली वेळ. मी खुर्ची पुसली. कपाटातून एक जुना ड्राइव्ह काढला, त्यात डिस्क घालून बंद केला आणि तिच्यासमोर ठेवला.

“आधी भिंतीतली वायर काढायची. बंद असला तरी. आत डिस्क फिरत असेल तर तिला इजा होते.”

“काढली.”

“आता ही यू-पिन सरळ कर. काडी घ्यायची नाही, मोडते. सुई नको, भोसकते. आता बघ, खणाच्या खाली बारीक छिद्र. दिसलं?”

“हेडफोनचं?”

“नाही गं! हेडफोनचं मोठं असतं. हे. आता पिन सरळ घाल, तिरपी नाही. थोडी आत गेली की काहीतरी अडेल. अडलं?”

“हो.”

“तिथे ढकलायचं नाही. नुसतं दाबायचं. दार वाजवून आतल्या माणसाला उठायला वेळ देतो ना, तसं.”

तिने जीभ दातांत धरून दाबलं. खट्ट! खण बोटभर पुढे आला.

“निघाला!” ती ओरडली. तिच्या डोळ्यांत असा आनंद मी शेवटचा कधी पाहिला होता, आठवून बघितलं. आठवलं नाही, आणि त्याचं जरा वाईट वाटलं.

“आता बोटांनी हळूच ओढ. खणाला जबरदस्ती करायची नाही.”

तिने परत परत करून पाहिलं. मी सहज म्हटलं, “पण तुला कशाला हवंय हे?”

“शिकावंसं वाटलं.” पिन हातात धरून ती जरा थांबली. “आता एक विचारू? ती जाहिरात का दिलीस?”

काही थातुरमातुर सांगणार होतो. बिअरचं वगैरे. पण ती समोर बसली होती, आणि तिच्या बोटाला यू-पिनचा वळ उठला होता.

“कोण येणार आहे, एलिनोर?” मी म्हणालो. “तेव्हा अंगण भरलं होतं. आता तू दार उघडणार आणि समोर चार जण. मला ते तुझ्या वाट्याला यायला नको होतं.”

तिने पिन बोटांत फिरवली. मग म्हणाली, “म्हणजे माझ्यासाठी.”

“तुझ्यासाठी.”

“मग मला विचारायला काय झालं होतं रे?”

मी ड्राइव्हचा खण परत आत ढकलला. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, उरलेले केस विसकटले, आणि कोट चढवला. म्हणाली, युट्टेकडून अंडी आणते. अंड्यांचा अख्खा ट्रे घरात आहे. विसरते बिचारी. आणि माझी यू-पिनही खिशात घालून घेऊन गेली.

गुरुवार, १९ सप्टेंबर

दुपारी निघायचं होतं. बॅगा गाडीत. किल्ली फिरवली, गाडी ढिम्म. झाकण उघडलं, तर आत बॅटरीच नाही.

मिरेक कुंपणापलीकडे उभा होता, जणू त्याची नेमणूकच तिथे झाली होती. “एवाल्डकाका, बॅटरी मी नेली. चार्ज करायला. तुम्हीच म्हणालात ना?”

“मी? कधी?”

“एलिनोरकाकू म्हणाल्या, तुम्ही म्हणालात.”

“म्हणाला होतास तू,” एलिनोर म्हणाली.

दोघांचे चेहरे इतके सरळ होते की मला खरंच आठवायला लागलं, मी म्हणालो होतो. “उद्या देतो,” मिरेक म्हणाला. पोलंडात मोठ्यांना मान देतात हे मी ऐकून होतो. बॅटऱ्या काढून देतात हे माहीत नव्हतं.

संध्याकाळी आम्ही टीव्हीसमोर बसलो. दाराबाहेर काहीतरी खरडलं. मग धप्प. मग “श्श!” मग आणखी मोठ्याने “श्श म्हटलं ना!” हा प्रेबेन मास्तर. एलिनोरने टीव्हीचा आवाज वाढवला. ईल माशांवरचा कार्यक्रम चालू होता. एलिनोरला ईल बघवत नाहीत.

तो आवाज शिडीचा. मी ओळखणार नाही तर कोण? या गावात किती दारांवर मी स्वतः कमानी ठोकल्या आहेत. बाहेर हातोडा, कुजबुज, कुणाच्या तरी अंगठ्यावर घाव, आणि आत घरमालक ठार बहिरे. बहिरं व्हायचं, हीच रीत. म्हणून मीही बहिरा झालो आणि ईल बघत बसलो.

आता तो केक, तो फोन, ती बॅटरी, सगळं माझ्या लक्षात येतंय. किल्ल्या कुणालाच नको होत्या. डिस्कचं तेवढं कळत नाही. कमानीला डिस्क कशाला लागते?

एलिनोर केस कुरळे करायच्या नळ्यांवर गुंडाळून झोपायला गेली. झोपेत हसतेय. मी मात्र छताकडे बघतोय. कमान बांधायला तीन माणसं पुरतात. पण उद्या सकाळी खिडकीखाली किती असतील?

शुक्रवार, २० सप्टेंबर

सातला ट्रम्पेट वाजलं.

मी ताडकन उठून बसलो. आमच्या गावात ट्रम्पेट वाजवणारा आता कुणी नाही. जो होता त्याच्या शवपेटीला मी खांदा दिला होता. आणि हे तर त्याचंच वाजवणं, वरच्या सुराला जरा घसरणारं.

मग गाणं सुरू झालं. सूर्योदयाचं जुनं स्तोत्र. शंभर-सव्वाशे गळे असावेत. मी पडदा सरकवला. खाली अंगणात प्रेबेन मास्तर, युट्टे, मिरेक, त्याची बायको आणि कडेवरची मुलगी, आमची लोने तिच्या नवऱ्यासोबत, आणखी सात-आठ जण. बस. आणि मिरेकच्या ट्रॉलीवर दोन मोठे स्पीकर, वायर थेट युट्टेच्या खिडकीतून आलेली.

मग ऐकू आला थोरवाल्ड. अर्धी ओळ पुढे. त्याच्यामागे शाळेच्या बाई, बेकरीवाला, आणि अगदी मागून, नाकातून, माझी आई.

चौऱ्याण्णवच्या त्या डिस्कमधून त्यांनी गेल्यांना बोलावलं होतं. आपण कमी पडू, ही भीती एकट्या मलाच नव्हती तर. सगळ्यांनाच होती. म्हणून ते दोन आठवडे झेंड्यांनी कॉम्प्युटर टोचत होते, आणि मला कळू नये म्हणून बोर्नहोमला बहीण वसवली होती.

एलिनोरने माझा हात ओढला. जिना उतरलो. ती दार उघडून कमानीखाली उभी राहिली, निळ्या गाऊनमध्ये, केस कुरळे. मी तिच्यामागे, पायजम्यावर कोट.

आणि तिसऱ्या कडव्याला डिस्क अडली. “सो-सो-सो-सो,” आणि गप्प.

एका क्षणात सगळे मेलेले निघून गेले. उरले अंगणात उभे तेवढेच. प्रेबेन मास्तर ट्रॉलीवर चढून बटणं दाबू लागला, युट्टे त्याला शिव्या घालू लागली. ज्या क्षणाला घाबरून मी पेपरात जाहिरात दिली, नेमका तोच आता समोर उभा होता. मी एलिनोरच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. मग बघितलंच.

ती गात होती. जिथे अडलं तिथूनच, पुढे. युट्टेने ओळ पकडली. लोनेने पकडली. प्रेबेन मास्तर ट्रॉलीवरच उभा राहून गाऊ लागला. मिरेकच्या कुटुंबाला शब्द येत नव्हते, ते नुसते गुणगुणत होते, पण फार सुरात. आवाज ताकासारखा पातळ होता. खोटं कशाला लिहू. मधूनच पलीकडच्या गोठ्यातल्या गाई जास्त ऐकू येत होत्या. मीही गायलो. मी गातो तेव्हा सहसा लोक खिडक्या बंद करतात.

संपल्यावर एलिनोर वळली. तिचा चेहरा ओला होता आणि नाक लाल.

“फार थोडे होते,” मी हळूच म्हणालो.

“कोण?” तिने विचारलं. आणि मग तिच्या लक्षात आलं. “अरे, तुला काय वाटलं, मी दारात उभी राहून डोकी मोजणार होते?”

मी मोजली होती.

मग सगळे कॉफीला आत आले. बन, चीज, आणि अशा सकाळी घोटभर घ्यायची ती कडू दारू, सगळं एलिनोरने आधीच युट्टेच्या फडताळात लपवलेलं. स्वयंपाकघरातल्या खुर्च्या संपल्या. बैठकीतल्या आणल्या, त्याही संपल्या. मिरेक दारातल्या पायरीवर बसला, मुलगी टेबलाखाली. प्रेबेन मास्तरला भाषण करायचं होतं, पण त्याला उभं राहायला जागा मिळेना.

“अजून एखादी खुर्ची नाही का रे?” एलिनोर ओरडली.

नव्हती. मी किटली घेऊन लोकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत राहिलो.